या सालची भिंत

जुनवानी, भिलाई
१५ जानेवारी २०२३

चि. दीक्षा हिले आजीचा जय भीम अन् गालाचा मुका.

तुझं पाकीट पोचलं. पोस्टमन नरेशच्या हाती देऊन राहिला होता, मी म्हटलं, माह्या हाती दे बाबू, माह्या नावाचं आहे. या वयात आपल्या नावानं पाकीट येते याची मजा तुले दिल्लीत बसून कळाची नाही. विहारातल्या बायांच्या वर्गात म्हातारपणी अक्षरं शिकली ती पेन्शनच्या कागदावर अंगठा नको म्हणून, आता तुले उत्तर लिहाले कामी येऊन राहिली. फोनवर तू विचारते जेवली का, मी म्हणते हो, संपलं. कागदावर बसाले जागा असते.

तुझी अट अशी की चित्रात काय दिसलं ते लिहाचं, पोथीतलं नाही, डोळ्यातलं. तर ऐक. राजाचा किल्ला बांधून राहिले तेव्हाचं चित्र म्हणते तू, पण राजा मले आधी सापडलाच नाही. ममतानं दाखवला, वरच्या कोपऱ्यात, हा एवढासा, हरभऱ्यावानी. बाकी सारी माणसं कामावर. एक बाई डोक्यावर चुन्याचं घमेलं घेऊन चढून राहिली. तिनं पदर खोचला तसाच माह्या सासूबाई खोचत, इथल्या स्टील प्लांटचं बांधकाम चालू होतं तेव्हा. एकजण बैलाची शेपटी पिरगाळते. अन् एकजण काहीच करत नाही, नुसता हात करून राहिला, इकडं टाक, तिकडं टाक. म्हणजे सुपरवायझर तेव्हाबी होते.

ममता म्हणजे आपल्या नरेशची बायको, माही नातसून. डिसेंबरात लग्न झालं, तुले सुट्टी नाही भेटली, माह्या मनात राग आहे अजून, तो तू आली का जाईल. पोरगी दुर्गकडच्या खेड्यातली, छत्तीसगढी. नेहरू नगरात नरेश गणित शिकवते त्या क्लासच्या ऑफिसात होती. तिच्या घरच्यायनं सांगून टाकलं, आमच्यासाठी मेली. आपल्या जातीत आली म्हणून. पोरगी रडली नाही, पण घरात कोणाचा फोन वाजला का आधी तिची मान वळते.

एप्रिलात जयंतीच्या आधी विहाराच्या भिंतीवर तिचं चित्र काढाचं आहे, नव्या सुनेचं काढतेत तसं. आतापासून विचारून राहिली, आजी, कौन सी साडी? मी म्हटलं निळी. शेजारची चंपा यंदा पोपटी करणार आहे म्हणते, तिच्यापुढे आपलं उठून दिसलं पाहिजे.

दुसरं चित्र पाठव. थंडीत पाय धुवत नको जाऊ, दिल्लीचं पाणी लागते.

तुझी आजी
कांता


दिल्ली
६ फेब्रुवारी

प्रिय आजी, जय भीम.

आधीच सांगते, माझी मराठी वाचून हसू नको. बाबांच्या रेल्वे बदल्यांमध्ये बिलासपूर, रायगढ, झारसुगुडा करत वाढले, मराठी फक्त स्वयंपाकघरात ऐकली.

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. सुपरवायझरच्या ओळीला सुजय सरांच्या हातातला चहा सांडला. सुजय सर आमच्या विभागाचे प्रमुख. संग्रहालयात शाळेच्या मुलांसाठी आम्ही जी वाट बनवतोय, की एकेक चित्र बघत चालायचं आणि देशाचा इतिहास समजत जायचा, ती त्यांचीच कल्पना. गुंफेतल्या शिकाऱ्यांपासून सुरू होते. शेवटचं चित्र कोणतं, हेच ठरत नव्हतं.

आणि आता ठरलं. नरेशदादाने मागे आपल्या विहाराच्या भिंतीचा फोटो पाठवला होता ना, आजोबांनी काढलेली. नागपूरकडून गाठोडी घेऊन निघालेली माणसांची रांग, आणि शेवटी प्लांटची धुराडी. मी सरांना सहज दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. म्हणाले, देशाच्या इतिहासात धुराडी खूप दिसतात, गाठोडी कुठेच नाहीत. शेवटचं चित्र हेच.

आजी, मी बाथरूममध्ये जाऊन नाचले.

मे महिन्यात जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या आमच्या एक मॅडम तिकडे येतील. फिकी पडलेली माणसं साफ करून मूळ रंगात आणतील, मग मोठा फोटो घेऊ. तोपर्यंत भिंतीला कोणी ब्रश लावायचा नाही, आणि नंतर तर कधीच नाही. एवढी एकच अट. अरुणकुमार काकांना मी विहाराच्या कमिटीच्या नावाने पत्र टाकलंय. ममता वहिनीचं चित्र दुसऱ्या भिंतीवर काढा ना, तिथे जागा पण मोकळी मिळेल.

सोबत एक चित्र आहे, इंग्रज साहेबांनी इथल्या चित्रकारांकडून काढून घेतलेलं. असे पूर्ण संच असायचे, प्रत्येक धंद्याची एक जोडी, नवरा आणि बायको, खाली जात आणि धंदा लिहिलेला, माणसाचं नाव नाही. सांग काय दिसतं.

तुझी
दीक्षा


जुनवानी
२१ फेब्रुवारी

दीक्षा बेटा, जय भीम.

तुझ्या पत्रानं माहे पाय जमिनीवर नाहीत. जुनवानीत साऱ्यायले सांगून झालं, प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरात, जुन्या शेजारणींले सांगून झालं, काल ऑटोवाल्यालेबी सांगितलं. तो म्हणे, अम्मा, उतरना कहाँ है? मी आपली पुढं निघून गेली होती.

अरुणकुमार तं पेटला आहे. जिंदगीभर प्लांटच्या सेफ्टीत बोर्ड लावले त्यानं, रिटायर झाल्यावर बोर्ड लावाले काही उरलं नव्हतं. आता भिंतीपुढं पिवळा दोर बांधला अन् पाटी लावली, ‘चित्रास हात लावू नये. हुकुमावरून.’ कोणाच्या हुकुमावरून विचारलं तं म्हणे दिल्लीच्या. राखणीले भैयालालले खुर्ची देऊन बसवला आहे. तो दोराले पाठ करून झोपते. चंपा तेवढी कुरकुरून राहिली, मी पोपटी रंगाचा डबा आणून ठेवला, त्याचं काय लोणचं घालू? मी म्हटलं, अवो, देश पाहणार आहे आपल्याले, एक साल जुन्या साडीत राहा.

आता तुझं चित्र. चांभार अन् त्याची बायको. तू म्हणते खाली जातीचं अन् धंद्याचं नाव लिहिलं आहे, त्याचं स्वतःचं नाव नाही. ते तं मले ओळखीचंच वाटलं. पण मी दुसरं पाहून राहिली होती. यायच्या पायाखाली जमीन नाही काढली. मागं घर नाही, झाड नाही, पोट्टं नाही. किल्ल्याच्या चित्रात कसं, एक पडला तं दुसऱ्याच्या अंगावर पडला असता. इथं दोघं कागदावर नुसते लटकून आहेत, जसे कोणी उचलून आणले. बाईनं नवऱ्याकडं नाही पाहिलं, नवऱ्यानं बाईकडं नाही. मले रात्रभर वाटे, यायले कोणीतरी बसा म्हणाले पाहिजे होतं.

ममताले सांगितलं, तुझं दुसऱ्या भिंतीवर काढू. ठीक हे म्हणाली अन् घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. माहेरची आठवण येत असन. तिच्या मायनं आता कुठं फोन उचलाले सुरुवात केली. पोरीनं तिले सांगून ठेवलं होतं का आमच्या इकडं नव्या सुनेले भिंतीवर जागा देतेत, साऱ्या लोकायच्या रांगेत. माय म्हणाली, असं आहे तं जयंतीले येऊन पाहीन. म्हणून मन लागत नसन तिचं. मी आज तिच्यासाठी अईरसा केला, त्यायच्याकडचा अनारसा, तिच्याच हाताखाली शिकून. फुटला सारा तेलात, आम्ही चुरा खाल्ला.

तुझी आजी


दिल्ली
८ मार्च

प्रिय आजी,

‘कोणीतरी बसा म्हणायला पाहिजे होतं’, हे तुझं वाक्य आम्ही त्या चित्राशेजारी लावतोय. खाली तुझं नाव. कांताबाई, भिलाई.

आता मला तुझी मदत पाहिजे. मी भिंतीचा फोटो मोठा करून टेबलावर पसरलाय आणि एकेका माणसाला नंबर दिलाय. माझा हिशोब असा आहे. जी माणसं फिकी झालीत ती सगळ्यात जुनी, आजोबांच्या हातची, अस्सल. आणि जी चमकतात त्यांच्यावर नंतर कोणीतरी बाजारातला ऑइल पेंट मारून त्यांना खराब केलंय. मॅडम म्हणतात, वरचा रंग काढता येतो. म्हणजे फिकट माणसं परत उजळतील आणि भडक माणसं परत साधी होतील. सगळी रांग एका सालातली दिसेल.

तर सांग. हातात डबा धरलेला तो माणूस कोण, जो जवळजवळ पुसला गेलाय? टिफिनवाली बाई कोण? छत्रीवाले, ज्यांचे केस डांबरासारखे काळे आहेत ते? आणि धुराड्यांच्या आधी एक मुलगी आहे, खांद्यावर दप्तर, ती तर अगदी नवीन दिसते. मी पाटीवर लिहिलंय, ‘दप्तर घेतलेली अनोळखी मुलगी’. प्रत्येकाचं खरं नाव मिळालं तर इंग्रज साहेबांपेक्षा आपण बरे ठरू.

ममता वहिनीला माझा जय भीम. कोणती भिंत ठरली?

दीक्षा


जुनवानी
२४ मार्च

दीक्षा,

तुझं पत्र येऊन झाले पुष्कळ दिवस. आधी सुचलं नाही, मग सुचलं ते लिहावं का नाही, कळलं नाही. तू सुट्टीत येत होती मे महिन्यात, आंबे खाऊन जात होती. एप्रिलात तुझ्या परीक्षा. म्हणून तू आमाले भिंतीपाशी कधी पाहिलंच नाही. अन् आमाले वाटे हे तं साऱ्यायलेच माहीत असते.

ऐक. भिंत बाहेरची आहे, तोंड पश्चिमेले. इथलं ऊन अन् प्लांटची लाल धूळ, दोन सालात लाल लुगडं गुलाबी होते अन् गुलाबी पांढरं. आजोबानं भिंत काढली त्याच्या पुढच्याच साली माणसं उडाले लागली. एकट्याच्यानं सारी होईनात. त्यायनं सांगून टाकलं, ज्याचा माणूस त्यानं रंगवावा. तेव्हापासून दर जयंतीच्या आधीच्या रविवारी घरोघरचे लोक आपापला डबा घेऊन येतेत. चंपा दर साली साडी बदलते. छत्रीवाला म्हणजे आपला भैयालाल, खुर्चीवर टक्कल पडलं आहे पण भिंतीवर केस काळेच ठेवते. कोणाले चष्मा लागला तं भिंतीवर चष्मा येते. सून आली तं सून येते, लेकरू झालं तं लेकरू येते. कोणी खराब नाही केलं, बाई. ते तसंच आहे.

अन् जो गेला त्याले कोणी हात लावत नाही.

असा नियम कोणी केला नाही. पहिल्यांदा चंपाचा नवरा गेला. ती डबा घेऊन आली, ब्रश बुडवला, त्याच्यापुढं उभी राहिली अन् तशीच वापस आली. दुसऱ्या साली दुसऱ्या घरी तसंच झालं. मग तेच पडून गेलं. माणूस हळूहळू उडते. एकदम नाही पुसत. पहिल्या साली डोळे असतेत, मग नुसता सदरा, मग मागची भिंत दिसाले लागते. आपल्यालेबी तेवढाच वेळ लागते न.

तो डबावाला तुझा आजोबा आहे. रंगाचा डबा आहे तो. त्याले उजळ करू नको. तो गेला ते मले मान्य व्हाले भिंतीनंच मदत केली. आता मॅडम येऊन त्याले कोराकरकरीत उभा करन तं मी रोज विहारात कशी जाऊ?

अन् दप्तरवाली अनोळखी म्हणते ती तूच आहे. तू झाली तेव्हा दुपट्यातली काढली होती आजोबानं. मग फ्रॉक केला, मग दप्तर दिलं. तो गेल्यापासून मी रंगवते. माह्या हातानं तुले उंची वाढवता नाही आली, म्हणून तू अजून शाळेतच आहे.

आता ममताचं. परवा विहारात वंदना झाली अन् मी चपला पाहून राहिली तं ही दोरापाशी उभी. बोटानं हवेत काहीतरी मापून राहिली. मी म्हटलं, काय वो? तं छत्तीसगढीत म्हणते, दाई, एखर अउ ओखर बीच मा मोर जघा रिहिस. म्हणजे, माय, या दोघींच्या मधात माही जागा होती. दुसऱ्या भिंतीवर काढू म्हटलं तं म्हणे, वहाँ मैं अकेली रहूँगी आजी. मले ते लटकलेले दोघं आठवले.

अरुणकुमारले विचारलं. तो म्हणे, वहिनी, सारा देश पाहाले येऊन राहिला, एक सून एक साल थांबली तं काय बिघडते? पण तू लिहिलं आहे नंतर तं कधीच नाही. मग एक साल कुठून आलं? अन् तिची माय जयंतीले येऊन काय पाहीन, पिवळा दोर?

तुझ्या संग्रहालयाचाबी मले तेवढाच आनंद आहे, खोटं नाही लिहीत. माह्या नवऱ्याचं काम दिल्लीत लागून राहिलं. दोन्ही हातात लाडू आहेत अन् एक ठेवाचा आहे. तू शिकलेली आहे म्हणून तुले विचारत नाही. भिंतीवर तूबी आहे, म्हणून विचारून राहिली.

आजी


दिल्ली
३ एप्रिल

आजी,

तुझं पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही.

महिनाभर तो फोटो माझ्या टेबलावर होता. चहा मी त्या दप्तरवाल्या मुलीच्या शेजारी ठेवायचे. अनोळखी.

मी सुजय सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी विचारलं, मग हे चित्र कोणत्या सालचं धरायचं? मी म्हटलं, या सालचं. दर साली या सालचं. ते म्हणाले, दीक्षा, मुलांना मी साल सांगू शकलो नाही तर त्याला इतिहास कसं म्हणू? आणि ज्या भिंतीवर पुढच्या रविवारी कोणीही ब्रश मारणार, तिच्यासाठी मॅडमना पाठवता येणार नाही. मी म्हटलं, नका पाठवू. आवाज थोडा चढला माझा. नंतर माफी मागितली, आवाजाची.

शेवटच्या जागी आता धरणाच्या उद्घाटनाचं एक मोठं तैलचित्र लागेल. चांगलं आहे. माणसं पण आहेत त्यात, लांबून.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. ती माझी पहिली वाट होती आणि तिच्या शेवटी आपली माणसं उभी राहणार होती. दोन दिवस जेवले नाही नीट. तुझ्यावर नाही राग, माझ्यावर पण नाही आता. फक्त वाटलं.

अरुणकुमार काकांना वेगळं पत्र टाकलंय. त्यांना हुकूम आवडतो म्हणून हुकूमच लिहिला: दोर काढावा. आजोबांना हात लावू नये. ममता वहिनीला तिची जागा द्यावी.

रविवारी मला रंगवशील ना? दप्तर काढून टाक आता. हातात काहीतरी दे, काय ते तू ठरव.

दीक्षा


जुनवानी
१७ एप्रिल

दीक्षा बेटा, जय भीम.

तू दोन दिवस जेवली नाही हे वाचून मी नरेशले म्हटलं, तिकीट काढ, मी जाते दिल्लीले. तो म्हणे, आजी, ती आता जेवली असन. जेवली न? लिही.

अरुणकुमारनं तुझा हुकूम माइकवर वाचला. दोर काढला तो घडी करून घरी नेला, कामी येईन म्हणे. अन् सगळ्यात आधी त्यानंच ब्रश घेतला, इतके दिवस हात खाजून राहिला असन त्याचा. चंपा पोपटी झाली. भैयालालनं केसायले दुसरा हात मारला.

तुझं दप्तर काढलं. हातात काय द्यावं सुचेना. मी म्हटलं कागद देते, तं कागद काढता काढता त्याची पोळी झाली. नरेश म्हणे, चांगलं आहे, जेवत नाही न ती.

मग ममता. सुनेले घरातल्या मोठ्यानं काढाचं असते, म्हणजे मी. आजोबा होता तं मी रंग ढवळत होती, माणूस कधी काढलाच नव्हता. चंपानं आपला पदर थोडा आत घेतला, दुसरीकडून उडत चाललेली टिफिनवाली होती, ती माही सासू. मधात ममता. साडी छान झाली, निळी. पण तोंड काढलं तं ते भैयालालवानी झालं. साऱ्या बाया हसल्या, ममता भिंतीले टेकून हसली, तिच्या पाठीलेबी रंग लागला. पुसलं, पुन्हा काढलं, तं यावेळी डोळे दोन्ही एकाच बाजूले. मी म्हटलं, राहू द्या, अंधार पडला, उद्या पाहू. उद्याचा परवा झाला अन् जयंती आली, ममता भिंतीवर बिनतोंडाची.

जयंतीच्या दिवशी दुपारी तिची माय आली. एकटी. ऑटो फाटकाबाहेर थांबवून ठेवला, म्हणजे लगेच जाची तयारी. मी पाणी नेलं, तं प्यास नई हे म्हणाली. चहालेबी नाही म्हणाली. मले कळते ते काय असते, बेटा, मी या वयाची झाली, पाण्याचं ‘नाही’ मले दुरून ऐकू येते. पण मी पेला घेऊन उभी राहिली, पोरीची माय होती.

ती भिंतीपुढं गेली. ममता मागं उभी. बाई पाहून राहिली, इकडून तिकडे, सारी रांग. मग तिले निळी साडी दिसली. म्हणे, येखर मुँह कहाँ हे? हिचं तोंड कुठं आहे? मी म्हटलं, मले जमत नाही वो, दोनदा काढून पुसलं. त्यायच्याकडं भिंती बायाच लिपतेत अन् त्यावर चित्रंबी बायाच काढतेत न. खाली डबे पडले होते. वाकली, ब्रश नाही घेतला, साडीच्याच निळ्या रंगात बोट बुडवलं. आधी कपाळाचा गोल काढला, मग भुवया, मग नाक. एकदा मागं वळून ममताकडं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, अन् वापस जाऊन हनुवटीवर तीळ दिला. मी चार महिने त्या पोरीसोबत राहून राहिली, मले तो तीळ दिसला नव्हता.

काम झालं तं बोट पदराले पुसलं अन् निघाली. ममता म्हणे, दाई, थोरिक बइठ. माय, थोडी बस. नाही बसली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, तोबी ज्या हाताले रंग नव्हता त्यानं, अन् ऑटोत बसली.

पाणी आमचं नाहीच पेली. ते मी भिंतीच्या बुडाशी कण्हेरीले टाकलं.

पण तो ऑइल पेंट आहे, बेटा, पदराचा निघाचा नाही. गावात कोणी ना कोणी विचारनच तिले, हा निळा डाग कशाचा म्हणून.

तुझी आजी
कांता